शेवट फारच सुंदर

"पहिलं बरं की दुसरं?" ताईने विचारलं.

"दोन्ही छान," आजोबा म्हणाले.

ताईने त्यांच्या नाकावरच्या जड गोल फ्रेममधली एक काच काढली, दुसरी सरकवली आणि पुन्हा विचारलं. आजोबा म्हणाले, हेही छान. तिसरी घातली. तीही छान निघाली. अंधाऱ्या खोलीत समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता उजळलेला होता. ताईने सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगितली आणि आजोबांनी ती कविता म्हणावी तशी धडाधड म्हणून दाखवली. एकही अक्षर चुकलं नाही. फक्त त्या अक्षरांची ओळ आता तिथे नव्हती, कारण ताईने मघाशीच बटण दाबून तक्ता बदलला होता. आजोबांनी बाहेर बाकावर बसल्याबसल्या उघड्या दारातून ती पाठ करून ठेवली होती.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आजोबा, ही ओळ तिथे नाहीच. तुम्ही वाचताय काय?"

आजोबा ओशाळले. फ्रेम नाकावर धरूनच म्हणाले, "तुम्ही एवढ्या काचा बदलताय... म्हटलं, उगीच कशाला तुम्हाला त्रास."

"त्रास मला नाही, तुम्हाला होणार आहे. जिन्याची पायरी चुकाल तेव्हा मी येणारे का धरायला? दिसत नाही तर दिसत नाही म्हणा. माझ्या तोंडाकडे बघून उत्तरं देऊ नका."

आवाज इतका चढला की काउंटरवरच्या मालकाने मान वळवून पाहिलं. चष्म्याच्या त्या दुकानात डोळे तपासायला ताई आली तेव्हापासून मालकाच्या जिवाला दोन गोष्टींचा घोर होता. एक, ताईने काढलेला नंबर कधी चुकत नाही, त्यामुळे तिला बोलता येत नाही. दुसरी, ताईच्या नाकावर सदा राग असतो, त्यामुळे न बोलूनही चालत नाही. तो दिवसातून एकदा हळूच म्हणायचा, "ताई, जरा गोडीने." ताई म्हणायची, "गोडीने विचारलं की लोक गोडच सांगतात, मालक. मग चष्मा कडू निघतो."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. माणसं दुकानात पैसे मोजून, रांगेत बसून, डोळे तपासायला येतात आणि तपासणाऱ्या बाईचं मन राखायला खोटं बोलतात, हा प्रकार तिला इतकी वर्षं होऊनही पचला नव्हता. ज्याला दिसत नाही त्यानेच सांगायचं की दिसत नाही. ते दुसरं कोण सांगणार?

आजोबांचा नंबर कसाबसा निघाला. शेवटी शेवटी ते घाबरून भराभर "पहिलं, पहिलं" म्हणत होते. ताईने तो लिहून दिला, पण तिचं चित्त तिथे नव्हतं. कोटाच्या खिशात फोन सारखा थरथरत होता. ती ज्याची वाट बघत होती ते येत होतं.

ही गोष्ट जरा मागे जाऊन सांगितली पाहिजे, कारण पन्नाशीला आलेली, चष्म्याच्या काचा बदलणारी बाई गेमचं संगीत बनवते असं म्हटलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. दुकानात तर कुणाला ठाऊकच नव्हतं.

ताईला एक धाकटा भाऊ होता. लहानपणी गल्लीच्या तोंडाशी एक गेमचं दुकान होतं, तिथे दोघं शाळेतून परस्पर जायची आणि आई कानाला धरून आणेपर्यंत उठायची नाहीत. खेळ एकच. एक बुटका माणूस उड्या मारत, खड्डे चुकवत किल्ल्यातून चालायचा आणि अगदी शेवटी एक दार यायचं. त्या दारापर्यंत दोघं कितीदा पोचली, पण दार काही उघडलं नाही. दर वेळी बुटका तिथेच मरायचा. त्या खेळात प्रत्येक टप्प्याची धून वेगळी होती, त्या पिंपिं करणाऱ्या चौकोनी आवाजातली. जिन्याची वेगळी, पाण्याची वेगळी. घरी येताना धाकटा सगळ्या धुना तोंडाने वाजवायचा आणि विचारायचा, "ताई, दाराच्या पलीकडे काय वाजत असेल गं?" मग दोघं ती धून स्वतःच रचायची. रोज नवी. सुरुवात रोज जमायची आणि शेवट कधी जमायचा नाही.

धाकटा पंचविशीत गेला. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत आटोपलं. ज्या खोलीत तो झोपलेला होता तिथे ताई त्याच्याशी बोलत होती, तो काहीतरी सांगत होता, आणि वाक्य पुरं झालं नाही.

त्यानंतर संसार झाला, नोकरी झाली, मुलगी मोठी होऊन कामासाठी दुसऱ्या शहरात गेली. जाताना आपला जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेली. त्यावर ताई एक दिवस सहज बसली आणि अशा आवाजांत संगीत रचायचं साधन फुकट मिळतं हे तिला कळलं. मग ती त्यातून उठलीच नाही. शिकवायला कोणी नव्हतं. नवऱ्याला ऐकवलं तर तो पेपरातून मान वर न काढता म्हणायचा, "छान आहे. आवाज जरा कमी कर."

ऐकणारं कोणी हवं म्हणून तिने शोधलं, आणि इंटरनेटवर तिला तो अड्डा सापडला. जे गेम जगात कुठेच नाहीत त्यांचं संगीत बनवणारी माणसं तिथे जमायची. शब्द नाहीत, गाणारा नाही, नुसती वाजवणी. अमक्या न झालेल्या खेळातला बर्फाचा टप्पा, तमक्या न झालेल्या खेळातला राक्षस. ताईला वाटलं, आपण घरी आलो. तिथे खरी नावं कोणी लावत नसे. ताईने स्वतःचं नाव ठेवलं 'चाळिशी'.

अड्ड्याचा नियम एकच होता. दोन द्या, एक घ्या. म्हणजे आपली एक धून टाकायची असेल तर आधी दुसऱ्यांच्या दोन धुना ऐकून त्यांवर मत लिहायचं. नियम चांगलाच होता. पण चांगल्या नियमाचं माणसं काय करतात ते सांगायला नको. धून न ऐकताच खाली दोन ओळी खरडायच्या, "खूप छान! वातावरण मस्त पकडलंय! शेवट फारच सुंदर!" आणि आपली धून टाकून मोकळं व्हायचं. मग ज्याचं कौतुक केलं तो परत येऊन आपलं कौतुक करणार. उंटाच्या लग्नात गाढव गायलं, तेव्हाचं 'अहो रूपम् अहो ध्वनिः' तिथे अखंड चालू होतं. कौतुक करायला काही लागत नाही. कान तर मुळीच लागत नाहीत.

ताई मात्र ऐकायची. एकेक धून तीनतीनदा. मग लिहायची, की तुमची सुरावट चांगली आहे पण तुमचाच तिच्यावर भरवसा नाही, म्हणून तुम्ही तिच्यावर ढोल टाकून तिला झाकलंत. किंवा, हे पाण्याचं संगीत आहे म्हणता, पण यात माणूस भिजत नाही. दुकानातल्या स्वरातच लिहायची. कोणी उलट लिहिलं तर त्याला सोडायची नाही. 'मधमाशी' नावाच्या एकाने एकदा तिच्या धुनेबद्दल बिचकत लिहिलं, की मधला भाग लांबलाय असं वाटतं. त्यावर ताईने त्याच्या सगळ्या धुनांची अशी सालटी काढली की तो आठवडाभर तिकडे फिरकला नाही. आपण खरं बोलतो, या एका गोष्टीचा तिला भारी अभिमान होता. खरं ऐकून घेणं हे वेगळं काम आहे, याची तिला कल्पनाच नव्हती.

आणि आता तिने ती धून टाकली होती. 'दारापलीकडे.' गेले कितीतरी महिने तिने हीच एक केली होती. पहिला अर्धा भाग दारापर्यंतचा, त्यात धाकट्याने तोंडाने वाजवलेली सुरुवात जशीच्या तशी होती. दुसरा अर्धा दार उघडल्यानंतरचा. तो तिचा एकटीचा. तिला हवं होतं एवढंच, की जगातल्या एका तरी माणसाने, ज्याचं तिच्याशी नातं नाही, देणंघेणं नाही, त्याने या धुनेबरोबर दारापर्यंत चालत यावं आणि पलीकडे जावं. मग धाकटा पलीकडे गेला असं तिला म्हणता आलं असतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

धाकट्याच्या वाढदिवसालाच टाकायची म्हणून सकाळी घाईघाईत फाइल काढली, अड्ड्यावर चढवली, आणि दुकानात आली. त्या फोनच्या थरथरण्याचं कारण हे होतं.

आजोबा गेल्यावर तिने खोलीचं दार लोटलं आणि वाचायला घेतलं. 'धुकं' म्हणत होतं, फार सुंदर. 'उडता दगड' म्हणत होता, काय वातावरण आहे. मधमाशीनेही लिहिलं होतं, शेवट फारच सुंदर, डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या खाली आणखी दोघांनी शेवटाबद्दलच लिहिलं होतं. ताई एरवी असल्या ओळींवर थुंकली असती. पण त्या दिवशी तिने त्या दोनदा वाचल्या. अंधाऱ्या खोलीत, तक्त्याच्या उजेडात, तिचेही डोळे भरून आले. शेवट त्यांना आवडला होता. पलीकडे गेली होती माणसं.

तेवढ्यात आणखी एक मत आलं. नाव होतं 'खडू'. हा माणूस अड्ड्यावर नवा होता. त्याच्या धुना कोणी ऐकत नसे, कारण तो कुणाचं कौतुक करत नसे. लांब मत असलं की अड्ड्यावर त्याच्या पहिल्या दोन ओळीच दिसायच्या, खाली बारीक अक्षरांत 'आणखी वाचा'. दिसत होत्या त्या ओळी अशा:

"ठोका फार पुढे आहे, त्यामुळे सुरावट मागे दबते. सुरुवात ऐकून वाटतं की एखाद्या लहान मुलाने..."

ताईने पुढे वाचलं नाही. लहान मुलाने? म्हणजे पोरकट? धाकट्याच्या सुरुवातीला पोरकट म्हणतो हा? आज, त्याच्या वाढदिवसाला?

तिने तिथल्या तिथे उत्तर ठोकलं. "ज्यांना कान आहेत त्यांना शेवटापर्यंत सगळं ऐकू आलंय, वरची मतं वाचा. तुमच्या कानात बोळे असतील तर तो माझा दोष नाही. स्वतःच्या धुनांखाली एकही मत का नाही याचा आधी विचार करा. नाकाने कांदे सोलायला इथे येऊ नका."

मग काय, एकीने दगड उचलला की बाकीच्यांना उचलायला वेळ लागत नाही. उडता दगड म्हणाला, काही लोकांना चांगलं बघवतच नाही. धुकं म्हणालं, नकारात्मक माणसांनी दूर राहावं. अड्ड्याची देखरेख करणाऱ्याचं नाव 'चौकीदार' होतं. त्याने खडूला ताकीद दिली, की इथे आपण एकमेकांचा उत्साह वाढवतो. खडूने एक शब्द उलट लिहिला नाही. ताईला वाटलं, जिरली. आणि तिने पुढचं गिऱ्हाईक आत बोलावलं.

रविवारी ती आईकडे गेली. आई दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. कान अजून शाबूत होते, डोळ्यांना ताईच्याच हातचा चष्मा होता. चहा झाल्यावर ताईने, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, सांगितलं की धाकटा जी धून तोंडाने वाजवायचा ती मी पुरी केलीये. आईने कपबशा उचलून बाजूला ठेवल्या. गेमच्या त्या दुकानावर तिचा आयुष्यभर राग होता.

ताईने फोनवर अड्डा उघडला, धून लावली आणि फोन आईच्या हातात दिला. आईने तो कानाशी धरला. पहिल्या सुरांनाच तिची मान हलली, कारण ती धून तिने स्वयंपाकघरातून हजारदा ऐकली होती आणि हजारदा "बंद कर ती पिपाणी" म्हणून ओरडली होती. धून पुढे गेली, जिना चढली, दारापाशी आली.

आणि थांबली.

ताईला वाटलं, फोन अडकला. तिने वाकून पाहिलं. पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती. धून चालू होती, आणि आवाज काहीच नव्हता. आईने फोन कानावरून काढला नाही. ती तशीच धरून बसली, रेघ शेवटाला जाईपर्यंत. मग फोन मांडीवर ठेवून म्हणाली, "बरोबर केलंस."

"काय बरोबर केलं?"

"तोही असाच गेला की. बोलताबोलता." आईने पदराने चष्मा पुसला. "मला वाटलं होतं, तू काहीतरी गोडगोड करशील शेवटी. नाही केलंस. बरं केलंस."

हे मुद्दाम नाही, ही चूक आहे, हे आईला सांगायची तिची छाती झाली नाही. ती घरी आली ती धावतच.

कॉम्प्युटर उघडताक्षणी कळलं. जुनं यंत्र, फार आवाज एकदम वाजवायला लावले की अडखळायचं. म्हणून पहिल्या भागातला ठोका नीट करताना तिने दुसऱ्या भागातले सगळे तुकडे मुके करून ठेवले होते. मुके केलेले तुकडे पडद्यावर राखाडी दिसतात. ते परत बोलते करायचे राहून गेले होते, आणि तशीच फाइल निघाली होती. लांबी पुरी, अर्धी धून आणि अर्धी नुसती शांतता. शंभरदा ऐकलेली धून, म्हणून चढवल्यावर एकदाही तिने ती ऐकली नव्हती. हे काम करणाऱ्या कुणाच्याही हातून होणारी चूक होती. त्या चुकीचा तिला राग नव्हता.

राग त्या ओळींचा होता. शेवट फारच सुंदर. कुठला शेवट? शेवट नव्हताच. डोळ्यांत पाणी आलं म्हणे. कशाने आलं? आणि त्या वाचून ती रडली होती. ज्या गोड शब्दांना तिने आयुष्यभर दारात उभं केलं नाही, ते त्या दिवशी तिने घरात घेऊन पाटावर बसवले होते. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मग तिला खडू आठवला. तिने त्याच्या मतावर बोट ठेवलं आणि 'आणखी वाचा' दाबलं.

"ठोका फार पुढे आहे, त्यामुळे सुरावट मागे दबते. सुरुवात ऐकून वाटतं की एखाद्या लहान मुलाने ती आधी तोंडाने वाजवली असावी आणि तुम्ही ती जपून, न सुधारता ठेवलीत. ते मला फार आवडलं. दुसऱ्यांदा येते तेव्हा एक सूर गाळलाय, तिथे पायरी चुकल्यासारखं होतं. तेही आवडलं. मग मध्येच सगळं बंद होतं. पुढे काही येईल म्हणून मी शेवटपर्यंत थांबलो. परत लावलं, परत थांबलो. हे मुद्दाम केलंय का? दार उघडतच नाही, असं म्हणायचंय का? तसं असेल तर मला तुमचा राग आला, पण ते माझं मी बघेन. चुकून झालं असेल तर सांगा, मला पुढचं ऐकायचंय."

ताईने ते वाचलं. पुन्हा वाचलं. सगळा जन्म ती ज्याची वाट बघत होती तो माणूस दारापर्यंत चालत आला होता. दोनदा आला होता, अंधारात उभा राहिला होता. आणि पलीकडून तिनेच त्याच्या तोंडावर दार आपटलं होतं, दोन ओळी वाचून.

रागाला कुठेतरी जागा लागते. तिने अड्ड्यावर लिहिलं, सगळ्यांना मिळून. "माझ्या धुनेला शेवटच नव्हता. चुकून अर्धी धून मुकी राहिली. तरी तुम्हाला शेवट सुंदर वाटला. कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी आलं त्यांनी पुढे यावं आणि सांगावं, कुठल्या सुरावर आलं. तुम्ही कोणीही काहीही ऐकलेलं नाही. ऐकणारा एकच होता, आणि त्याला मी हाकललं."

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आत उत्तरं आली होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी. धुकं म्हणालं, आम्ही प्रेमाने लिहिलं त्याची ही किंमत. चौकीदाराने आता ताकीद ताईला दिली होती, जशीच्या तशी, शब्दही न बदलता, की इथे आपण एकमेकांचा उत्साह वाढवतो. ताईला त्याचं काही वाटलं नाही. तिला लागलं ते मधमाशीचं.

"आम्ही ऐकलं नव्हतं, हे खरं आहे. माझी चूक. पण ऐकलं असतं तरी मी बोललो नसतो. मी एकदा बोललो होतो. खडूचं काय झालं तेही सगळ्यांनी पाहिलं. तुम्हाला खरं सांगायचं कुणी?"

त्यावर उत्तर द्यायला तिने चारदा बोट उचललं. चारदा फोन उलटा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच ती एवढी रागात होती आणि तो राग फेकायला समोर कोणी नव्हतं.

दुकान उघडलं. अकराच्या सुमारास तेच आजोबा नवा चष्मा न्यायला आले. काउंटरवर मालकाने त्यांना चष्मा लावून दिला, आरसा धरला. आजोबांनी आरशात पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "छान." दोन पावलं दाराकडे गेले. दारातल्या पायरीपाशी थांबले, पाय पुढे केला, मागे घेतला. मग परत फिरून, मालकाला टाळून, आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"ताई, रागावणार नाही ना?"

मालकाने डोळे मिटून घेतले.

"बोला," ताई म्हणाली.

"पायरी दिसत नाही हो. म्हणजे दिसते, पण दोन दिसतात. त्या दिवशीही मला नीट दिसत नव्हतं. तुम्ही ओरडलात म्हणून मी आपलं पहिलं, पहिलं म्हणत सुटलो."

मालक वाट बघत होता, आता फुटेल, मग फुटेल. ताईने खुर्ची पुढे ओढली. "बसा," ती म्हणाली. "चूक माझी आहे. नंबर मी काढला होता." आणि अर्धा तास ती काचा बदलत राहिली. आजोबा दर काचेला म्हणत होते, नाही, हे नाही, हे त्याहून वाईट. म्हणताम्हणता त्यांना तेज चढलं. शेवटी तर "काय हो, काहीतरीच काच घातलीत" इथपर्यंत मजल गेली. ताईने तेही ऐकून घेतलं. तिचा राग गेला होता असं नाही. तो आत तसाच होता, फक्त आता त्याला पत्ता सापडला होता.

दुपारी गिऱ्हाईक नसताना तिने खोलीचं दार लावून घेतलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ती स्वतः बसली. समोर तक्ता उजळलेला होता. फोनवर तिने खडूचं नाव काढलं. तिथे लिहिलं होतं, हे खातं बंद करण्यात आलं आहे. कुणी केलं, चौकीदाराने की त्याने स्वतः, ते लिहिलेलं नव्हतं. त्याला निरोप पाठवायची जागाच उरली नव्हती. धुना मात्र होत्या, ओळीने. प्रत्येकीच्या खाली मतांची जागा रिकामी.

तिने त्यातली एक निवडली. 'रिकामी गुहा.' खाली मताच्या चौकटीवर बोट ठेवलं. अक्षर उमटेना. बंद खात्याच्या धुनांवर आता कुणाला लिहिता येत नव्हतं. म्हणजे ऐकूनही उपयोग नव्हता. दोन द्या, एक घ्या, या हिशेबात ते ऐकणं कुठेच धरलं जाणार नव्हतं.

तिच्या फोनमध्ये 'दारापलीकडे' पुरी होती. रविवारी रात्र पडायच्या आत तिने सगळे राखाडी तुकडे बोलते केले होते, ठोकाही खाली आणला होता, कारण तो खरंच फार पुढे होता. ती धून तिने अड्ड्यावर टाकली नाही. टाकली असती तर खाली आलंच असतं, शेवट फारच सुंदर. आणि या खेपेला ते खरं असतं, हे तिला सोसलं नसतं.

तिने कानात इअरफोनची बोंडं घातली आणि खडूची गुहा लावली.

सुरुवात कंटाळवाणी होती. तिने तसं म्हटलंही, समोरच्या तक्त्याला, दुकानात बोलते त्याच आवाजात. "सुरुवात लांबलीये. खर्ज गढूळ आहे, काय वाजतंय ते कळत नाही." मग थोडं थांबून, "हां, हे चांगलंय. हे थेंब चांगले पडतायत. हे कुणाला सुचत नाही." पुढे एक सुरावट आली, एकटीच, कुठलाही ठोका नाही, आणि ताईने बोंडं कानात आणखी घट्ट बसवली. ती सुरावट दोनदा फिरली, बारीक झाली आणि विझली. पडद्यावरची रेघ अजून शेवटाला पोचलेली नव्हती.

बाहेरून मालकाने दार वाजवलं. "ताई, गिऱ्हाईक आलंय. झालं का?"

"नाही," ताई म्हणाली. "अजून आहे."

कानात काहीच वाजत नव्हतं. रेघ सरकत होती. ताई तक्त्याकडे बघत, पुढे काही येईल म्हणून, थांबून राहिली.